माझ्या जीवनातून (स्मेतानाचे स्ट्रिंग क्वार्टेट)

चेक संगीतकार बेद्रिख स्मेताना (१८२४–८४) यांची १८७६ मधील ई मायनर स्वरातील रचना. दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो अशा चार वाद्यांसाठी, म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेटसाठी, ती लिहिलेली असून तिचे चार भाग आहेत. शब्दांवाचून कथा सांगण्याची रोमँटिक काळातली हौस प्रामुख्याने मोठ्या वाद्यवृंदात फुलली. क्वार्टेट मात्र बहुतांशी शुद्ध, कथानकविरहित संगीताचे क्षेत्र मानले जाई. स्मेतानांनी त्यात चक्क आत्मचरित्र आणले.

१८७४ मध्ये त्यांची श्रवणशक्ती पूर्णपणे गेली. त्यानंतर प्राग सोडून ते याब्केनिट्से या खेड्यात मुलीकडे राहू लागले आणि तिथे, एकही स्वर कानी पडत नसताना, ही रचना पूर्ण झाली. जवळच्या मित्रांनी आपापसात बोलावे तशी चार वाद्ये बोलतील, अशी त्यांची कल्पना होती.

पहिल्या भागाचा आरंभ व्हिओलाकडे आहे. एरवी मधल्या पट्टीत भराव घालणारे हे वाद्य एक दीर्घ स्वर धरून जोरकसपणे खाली झेपावते. तरुणपणातली कलेची ओढ आणि पुढच्या संकटाची चाहूल, दोन्ही त्यात आहे. दुसऱ्या भागात पोल्का हे बोहेमियातले लोकप्रिय नृत्य येते. तरुणपणी स्मेताना स्वतः नाचाचे मोठे शौकीन होते. तिसरा, संथ भाग चेलोच्या एकल स्वरांनी सुरू होतो. तो पहिली पत्नी कातेर्झिना हिच्या आठवणीचा आहे. ती १८५९ मध्ये वारली.

शेवटचा भाग राष्ट्रीय संगीताची वाट सापडल्याच्या आनंदात दौडतो आणि ऐन भरात थांबतो. खाली वाद्ये थरथरतात आणि पहिल्या व्हायोलिनवर अतिउच्च ई स्वर लांबत राहतो. बहिरेपणाआधी त्यांच्या कानात घुमणाऱ्या शिळेचे हे प्रतीक. प्रत्यक्षात त्यांना ए फ्लॅट मेजरचे स्वर ऐकू येत, असे ते सांगत. म्हणजे इथे आजाराची हुबेहूब नक्कल नाही: निवडलेला ई हा रचनेचा आधारस्वर आहे, म्हणून तो बाहेरून घुसल्यासारखा न वाटता आतूनच उगवतो. पुढे व्हिओलाची सुरुवातीची धून परतते. या एका स्वरामुळेच रचना गाजली. पण आधीचा पोल्का आणि अंतिम भागाची धाव इतकी मनमोकळी नसती, तर त्या स्वराचा एवढा धक्का बसला नसता.

प्रागमधील चेंबर संगीत (मोजक्या वादकांचे संगीत) संस्थेला ही रचना फार अवघड आणि वाद्यवृंदाच्या थाटाची वाटली. १८७८ मधील खासगी वादनात व्हिओला चेक संगीतकार अंतोनिन द्वोर्झाक यांनी वाजवला. जाहीर वादन १८७९ मध्ये प्रागलाच झाले. विसाव्या शतकात वाद्यवृंद-संचालक जॉर्ज सेल यांनी तिचे वाद्यवृंदासाठी रूपांतर केले. तक्रार अगदीच निराधार नव्हती, असे त्यावरून म्हणता येईल.