यकृतातील गाठीचा प्रकार एमआरआय कसा ओळखतो

यकृतात गाठ असल्याचे सोनोग्राफीत दिसले की ती कर्करोगाची आहे का, हे आधी पाहिले जाते. उपचार ठरवताना मात्र त्याहून अवघड प्रश्न पुढे येतो, तो म्हणजे ही गाठ कोणत्या पेशींपासून वाढली आहे. यकृतातच सुरू होणाऱ्या कर्करोगांपैकी सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक कर्करोग यकृतपेशींपासून होतात आणि त्यांना हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा म्हणतात. उरलेल्यांत सर्वांत मोठा वाटा यकृताच्या आतील पित्तनलिकांच्या अस्तरातून वाढणाऱ्या कोलँजिओकार्सिनोमाचा असतो. पहिल्या प्रकारात गाठ एकच आणि ५ सेंटिमीटरपर्यंतची असेल, किंवा गाठी तीनपर्यंत आणि प्रत्येकी ३ सेंटिमीटरपर्यंतच्या असतील, तर १९९६ साली मांडलेल्या मिलान निकषांनुसार यकृत प्रत्यारोपणाचा विचार करता येतो. पित्तनलिकेच्या कर्करोगात प्रत्यारोपण हा नेहमीचा मार्ग नाही. तेथे शक्य असल्यास यकृताचा बाधित भाग काढतात आणि रोग पसरलेला असल्यास जेमसिटाबिन व सिस्प्लॅटिन या औषधांवर आधारलेली केमोथेरपी देतात. यकृतपेशींच्या कर्करोगावर नेहमीच्या केमोथेरपीचा फारसा परिणाम होत नाही. निदानात प्रकार चुकला तर उपचारांची सगळी दिशाच चुकते, ती यामुळे.

हा फरक एमआरआयला कळतो, त्याचे मूळ यकृताच्या रक्तपुरवठ्यात आहे. यकृताला दोन वाटांनी रक्त मिळते. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून आणि उरलेले धमनीतून येते. सिरोसिस झालेल्या, म्हणजे व्रण साठून टणक झालेल्या यकृतात एखादी लहान गाठ हळूहळू कर्करोगाकडे झुकू लागते, तेव्हा तिचा पोर्टल शिरेकडून होणारा पुरवठा कमी होत जातो आणि तिच्यात नव्या धमन्या फुटतात. पूर्ण वाढीच्या यकृतपेशी कर्करोगात जवळजवळ सगळे रक्त धमनीचे असते. त्यामुळे रक्तात मिसळलेला एखादा पदार्थ त्या गाठीत कधी पोहोचला आणि कधी निघून गेला, याची वेळ मोजता आली तर गाठीचा स्वभाव उघड होतो.

त्यासाठी हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमयुक्त कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात उजळ दिसणारा पदार्थ, देतात आणि यकृताची चित्रे पुन्हा पुन्हा घेतात. त्याआधी कॉन्ट्रास्टविना काही चित्रे घेतलेली असतात, कारण नंतरचे उजळणे त्यांच्याशी ताडून पाहावे लागते. कॉन्ट्रास्ट दिल्यावर साधारण अर्ध्या मिनिटाच्या सुमारास धमनीची अवस्था येते आणि यकृतपेशींच्या कर्करोगाची गाठ आजूबाजूच्या राखाडी यकृतात सबंध उजळून दिसते. मिनिटभराच्या आसपास पोर्टल अवस्था येते, तेव्हा पोर्टल शिरेतून आलेला कॉन्ट्रास्ट उरलेल्या यकृतात पसरतो. आता यकृत उजळलेले असते आणि गाठ त्याहून काळपट झालेली असते. या उतरणीला वॉशआउट म्हणतात. पुढे काही मिनिटांनी गाठीभोवती उजळ कडा, म्हणजे तिचे आवरण, दिसू शकते. धमनीची अवस्था मोजक्या सेकंदांची असते आणि प्रत्येक वेळी रुग्णाला पंधरा-वीस सेकंद श्वास रोखून धरावा लागतो. पोटात पाणी साठलेल्या, दमलेल्या माणसाला ते कठीण जाते आणि नेमके तेच चित्र हलून बिघडले तर उत्तम यंत्र असूनही निदान अडते. स्कॅनपूर्वी तंत्रज्ञ श्वास रोखण्याचा सराव करून घेतात, त्याचे महत्त्व म्हणूनच मोठे आहे.

पित्तनलिकेच्या कर्करोगाची चाल निराळी असते. त्या गाठीच्या कडेला जिवंत, वेगाने वाढणाऱ्या पेशींची दाटी असते आणि मध्यभागी बराचसा तंतुमय भाग असतो. धमनीच्या अवस्थेत तिची कडाच तेवढी उजळते. तंतुमय भागात कॉन्ट्रास्ट सावकाश झिरपतो आणि तेथे रेंगाळतो, म्हणून काही मिनिटांनंतरच्या चित्रांत कडा फिकी पडलेली आणि मध्यभाग उजळत गेलेला दिसतो. पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजणाऱ्या डिफ्यूजन चित्रांतही असेच एकात एक वर्तुळांचे, लक्ष्यफलकासारखे रूप दिसते. तंतूंच्या ओढीने यकृताचा पृष्ठभाग गाठीपाशी आत खेचला जातो आणि गाठीपलीकडच्या पित्तनलिका फुगलेल्या आढळतात. मोठ्या आतड्यातून किंवा इतर अवयवांतून यकृतात पसरून आलेल्या गाठीही बऱ्याचदा असेच रूप दाखवतात. म्हणून या चित्रावरून ‘यकृतपेशींचा कर्करोग असण्याची शक्यता कमी’ इतके म्हणता येते, त्यापुढचे नाव देता येत नाही.

गॅडॉक्सेटिक आम्लाचा कॉन्ट्रास्ट वापरल्यास आणखी एक खूण हाती येते. निरोगी यकृतात या पदार्थाचा सुमारे निम्मा भाग यकृतपेशी स्वतःत ओढून घेतात आणि पित्तातून बाहेर टाकतात. वीस मिनिटांनी घेतलेल्या चित्रात काम करणारे यकृत लख्ख उजळते आणि ज्या गाठीत अशा पेशी उरलेल्या नाहीत ती काळी उठून दिसते. एक सेंटिमीटरच्या आसपासच्या गाठी शोधायला हे चित्र फार उपयोगी पडते. प्रकार ओळखताना मात्र त्यात एक धोका आहे. पोर्टल अवस्था संपताच आजूबाजूचे यकृत हा पदार्थ शोषून उजळू लागते आणि त्याच्या तुलनेत कोणतीही गाठ काळपट वाटते. या काळपटपणाला वॉशआउट समजले, तर पित्तनलिकेचा कर्करोग यकृतपेशींचा ठरू शकतो. म्हणून हा कॉन्ट्रास्ट वापरला असेल तेव्हा वॉशआउट फक्त पोर्टल अवस्थेतच पाहावा, असा नियम आहे. चित्र वाचणाऱ्याच्या शिस्तीवर किती अवलंबून असते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

हे सारे वाचन एका भाषेत यावे म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने २०११ साली लाय-रॅड्स ही पद्धत आणली आणि २०१८ साली तिची सुधारित आवृत्ती काढली. तिच्यात गाठींना एक ते पाच श्रेणी देतात. २ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ धमनीच्या अवस्थेत सबंध उजळली आणि तिच्यात वॉशआउट, आवरण किंवा सहा महिन्यांच्या आत किमान ५० टक्क्यांची वाढ यांपैकी एक जरी खूण असली, तरी ती पाचव्या श्रेणीत जाते. मग बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी, न करताही यकृतपेशींचा कर्करोग धरून उपचार सुरू करता येतात. घन गाठींच्या कर्करोगात असे क्वचितच होते. लक्ष्यफलकासारख्या गाठींसाठी ‘एम’ ही निराळी श्रेणी आहे. अशी गाठ बहुतेकदा कर्करोगाचीच असते, पण प्रकार ठरवायला साधारणतः बायोप्सी लागते.

पाचव्या श्रेणीवरचा हा विश्वास सर्वांना लागू नाही, आणि हे रुग्णांपर्यंत पुरेसे पोहोचत नाही असे मला वाटते. सिरोसिस किंवा जुनाट हिपॅटायटिस बी असलेल्या, अथवा यकृतपेशींचा कर्करोग पूर्वी झालेल्या प्रौढांसाठीच ही पद्धत आहे. त्यांच्यात हा कर्करोग मुळातच अधिक संभवतो, म्हणून तीच खूण तेथे जास्त खात्रीची ठरते. निरोगी यकृतात अ‍ॅडेनोमासारख्या कर्करोग नसलेल्या गाठीही धमनीच्या अवस्थेत उजळतात. फॅटी लिव्हर असलेल्या काही जणांना सिरोसिस न होताच यकृतपेशींचा कर्करोग होतो. त्यांच्या स्कॅनमध्ये सगळ्या खुणा दिसल्या तरी निदान सुईने काढलेल्या तुकड्यावरच करावे लागते.

एमआरआयची खरी कसोटी लागते ती मिश्र कर्करोगात, जेथे एकाच गाठीत यकृतपेशींचा आणि पित्तनलिकेचा असे दोन्ही कर्करोग नांदत असतात. चित्रात कधी एकाचे वळण दिसते, कधी दुसऱ्याचे. बायोप्सीतही सुई नेमकी एकाच प्रकारच्या भागात गेली तर दुसरा सुटतो. अशा वेळी रक्तातील खुणा मदतीला येतात. चित्र यकृतपेशींच्या कर्करोगाचे असताना रक्तात पित्तनलिकेच्या कर्करोगाशी जोडली जाणारी सीए १९-९ ही खूण वाढलेली असली, किंवा चित्र पित्तनलिकेचे असताना यकृतपेशींच्या कर्करोगात वाढणारे एएफपी हे प्रथिन वाढलेले असले, तर मिश्र गाठीचा संशय घेतात आणि गाठीच्या वेगवेगळ्या दिसणाऱ्या भागांतून नमुने घेण्याचा विचार करतात.

या कारणांनी स्कॅनच्या चिठ्ठीवर ‘यकृतात गाठ’ एवढेच लिहिलेले असणे पुरत नाही. सिरोसिस आहे का, हिपॅटायटिस बी आहे का, पूर्वी कोणता कर्करोग झाला होता आणि एएफपी किती आहे, हे रेडिओलॉजिस्टला ठाऊक असावे लागते. सहा महिन्यांत झालेली वाढ मोजायची तर जुन्या स्कॅनची मूळ चित्रे लागतात; फक्त छापील रिपोर्टवरून ती मोजता येत नाही, त्यामुळे सीडी सोबत नेलेली बरी.