आयएसपीकडची मेल आपल्या लिनक्स सर्व्हरवर: फेचमेलमागची पार्श्वभूमी

लिनक्स सर्व्हरवर फेचमेल, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवरच्या खात्यातली मेल ओढून आणणारा प्रोग्रॅम, लावायचं काम वरवर पाहता किरकोळ आहे. सेटिंग्जची एक फेचमेलआरसी फाइल, तीत आयएसपीच्या (इंटरनेट जोडणी देणाऱ्या कंपनीच्या) सर्व्हरचं नाव, प्रोटोकॉल, युजरनेम, पासवर्ड आणि ही मेल इथल्या कुठल्या युजरला द्यायची ते. पण त्याच फाइलमध्ये ‘एक्सपंज’, ‘फेचऑल’, ‘मल्टिड्रॉप’, ‘एन्व्हलप’ असे पर्यायही देता येतात आणि ते कशाला आहेत, हे आजच्या ब्रॉडबँडच्या जमान्यात चटकन लक्षात येत नाही. त्यांची मुळं डायल-अपच्या, म्हणजे फोन लावून इंटरनेटला जोडलं जाण्याच्या, काळात आहेत.

मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जाते ती एसएमटीपी या प्रोटोकॉलने. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ हा नियमांचा दस्तऐवज लिहून तो पक्का केला. मेल घेणारं मशीन सतत चालू आणि सतत जोडलेलं असेल, हे त्यात धरूनच चाललं होतं. विद्यापीठांतल्या मोठ्या मशीनांपुरतं ते बरोबर होतं. टेबलावरच्या, संध्याकाळी बंद होणाऱ्या कॉम्प्युटरला ते लागू पडेना, म्हणून १९८४ मध्ये पॉप या वेगळ्या प्रोटोकॉलचा पहिला आराखडा आला आणि १९८८ मध्ये पॉप३. मेल सर्व्हरवर साठत राहील, जोडले गेलात की उतरवून घ्या, एवढाच त्याचा करार.

आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळण्याआधी यूयूसीपी या पद्धतीचे दिवस होते. जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेतून आणि पवईच्या आयआयटीतून एर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या नेटवर्कची मेल सुरुवातीला अशीच जायची: एक मशीन दुसऱ्याला फोन लावायचं, साठलेली मेल द्यायचं-घ्यायचं आणि लाइन सोडायचं. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमच्या सेवेने. खाजगी आयएसपींना परवानगी मिळाली ती १९९८ च्या अखेरीस. छोट्या ऑफिसात तेव्हा एक मोडेम, एक फोन लाइन आणि एकच खातं असायचं. कोपऱ्यातल्या जुन्या पीसीवर ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाच्या सीडीवरून लिनक्स चढवायचं आणि लाइन जोडली गेली की आपोआप चालणाऱ्या आयपी-अप स्क्रिप्टमधून फेचमेल सोडायचं, हा तेव्हाच्या ॲडमिनांचा साधा आणि शहाणा तोडगा होता. फोनचं मीटर एकदाच पडायचं आणि मेल सगळ्यांना मिळायची.

लाइन मध्येच तुटली तर मात्र वेगळीच पंचाईत व्हायची. पॉप३ मध्ये क्लायंट ‘रिट्रीव्ह’ म्हणून एकेक मेल मागतो आणि उतरली की ‘डिलीट’ म्हणतो. पण सर्व्हर तेव्हा फक्त खूण करतो, मेल खरी पुसली जाते ती ‘क्विट’ म्हटल्यावर. चाळीसपैकी अडतीस मेल उतरल्या आणि लाइन गेली, तर पुढच्या खेपेला सगळ्या चाळीस पुन्हा हजर! ‘एक्सपंज’ हा पर्याय यासाठीच आहे. ठरावीक मेल झाल्या की फेचमेल मुद्दाम ‘क्विट’ म्हणतो आणि नव्याने जोडला जातो, म्हणजे तोवरची कमाई पदरात पडते. प्रत्येक मेलला कायमची ओळख देणारी ‘यूआयडीएल’ आज्ञाही पॉप३ मध्ये नंतर, १९९४ मध्ये आली, आणि तीही ऐच्छिक.

फेचमेलचा जन्म १९९६ चा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एरिक रेमंड यांना आयएसपीकडची मेल घरच्या मशीनवर आपोआप हवी होती. त्यांनी कार्ल हॅरिस यांचा ‘पॉपक्लायंट’ हाती घेतला. हॅरी हॉकहायझर यांनी पाठवलेल्या कच्च्या कोडमधून त्याला खरं वळण मिळालं: उतरवलेली मेल स्वतः फाइलमध्ये लिहायचीच नाही, आपल्याच मशीनच्या पोर्ट २५ वर, म्हणजे मेल सर्व्हर मेल घेतो त्या दारावर, एसएमटीपीने देऊन टाकायची. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी कल्पना हीच. पुढचं वाटप, फॉरवर्डिंग, फिल्टर हे सगळं मशीनवरचा सेंडमेलसारखा मेल सर्व्हर आधीपासून उत्तम करत होता. फेचमेलला ते पुन्हा लिहावं लागलं नाही. हाच अनुभव रेमंड यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या घडणीवरच्या आपल्या निबंधात मांडला. तो मे १९९७ मध्ये जर्मनीत वुर्झबर्गला प्रथम वाचला गेला.

त्या कल्पनेलाही एका ठिकाणी भिंत लागते. ऑफिसच्या डोमेनची सगळी मेल आयएसपीकडच्या एकाच खात्यात पडत असेल, तर ती माणसांमागे वेगळी कशी करायची? यालाच मल्टिड्रॉप म्हणतात. मेल खरी कोणाला द्यायची, हे एसएमटीपीच्या संवादात ‘आरसीपीटी’ या ओळीत सांगितलेलं असतं, मेलच्या ‘टू’ हेडरमध्ये नव्हे. आयएसपीने मेल खात्यात टाकली की ती ओळ बहुधा गळून जाते. मग ‘टू’ बघून अंदाज बांधावा लागतो. बीसीसीने आलेली मेल ॲडमिनच्या पदरात पडते, मेलिंग लिस्टच्या मेलचा धनी सापडत नाही. ‘लोकलडोमेन्स’ (आपली डोमेन कोणती हे सांगणारा पर्याय) चुकीचं लिहिलेलं असेल तर ‘टू’मधल्या बाहेरच्या पत्त्यांनाही तीच मेल पुन्हा जाते. बाहेरच्या माणसांना मेल दोनदा मिळाल्याच्या तक्रारी येऊ लागल्या की कारण बऱ्याचदा हेच निघायचं. आयएसपी ‘डिलिव्हर्ड-टू’सारख्या हेडरमध्ये खरा पत्ता जपून ठेवत असेल, तरच तो हेडर वाचायला सांगणारा ‘एन्व्हलप’ पर्याय नीट काम करतो. यावर प्रोटोकॉलच्या पातळीवरचा इलाज म्हणजे ‘ईटीआरएन’ (१९९६): ग्राहकाने जोडल्यावर आयएसपीला रांगेतली मेल सोडायला सांगायची आणि ती एसएमटीपीनेच, पत्त्यासकट घ्यायची. त्यासाठी आयएसपीचीही तयारी लागते.

पुढे लाइन कायम जोडलेली राहू लागली, बऱ्याच ऑफिसांची मेल होस्टिंगवाल्यांकडे गेली आणि अडचण लाइनवरून पासवर्डवर सरकली. फेचमेलआरसी फाइल इतरांना वाचता येत असेल तर फेचमेल चालायलाच नकार देतो, कारण तीत पासवर्ड उघडा असतो. गूगलने ३० मे २०२२ पासून साध्या पासवर्डने बाहेरच्या ॲप्सना आत घेणं बंद करायला सुरुवात केली, मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२ पासून. जीमेलवरून मेल ओढायची तर आता दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून वेगळा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो आणि फेचमेलआरसीत तो लिहावा लागतो.