कट्ट आवाज आला म्हणजे मणका जागेवर बसला?

फॉरवर्ड बरेच वर्ष फिरतोय, "कंबर दुखते म्हणजे मणका सरकलाय, कायरोप्रॅक्टरने (हाताने पाठीला-मानेला झटका देऊन उपचार करणाऱ्याने) कट्ट केलं की जागेवर बसतो." व्हिडिओतला आवाज ऐकून कुणालाही पटेल, मलाही पटलं होतं.

आता बोटं मोडून बघा. तोच आवाज येतो ना? पण बोटाचं हाड कुठे सरकलं होतं? सांध्यात वंगणासारखं पाणी असतं, सांधा ताणला की आतला दाब एकदम कमी होतो आणि वायूची पोकळी तयार होते, आवाज त्याचा. आणि लगेच तेच बोट परत मोडायला गेलात तर मोडत नाही, साधारण वीस मिनिटं थांबावं लागतं. पाठीतही हेच.

मग बरं वाटतं ते खोटं का? नाही हो, खरंच वाटतं, स्नायू थोडा वेळ सैल पडतात, हालचाल मोकळी होते. पण कंबरदुखीत याचा फायदा माफक, व्यायाम किंवा फिजिओइतकाच साधारण, आणि नुकतीच धरलेली कंबर बऱ्याचदा काही आठवड्यात आपोआपच सुटते, क्रेडिट मात्र शेवटच्या उपायाला जातं (आमच्याकडे ते आजीच्या शेकाला जायचं).

जायचंच तर आधी विचारा, किती सिटिंग आणि फरक नाही पडला तर पुढे काय. मानेला झटका नकोच म्हणा, क्वचित का होईना रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवर कंट्रोल राहिला नाही तर कट्ट वगैरे काही नको, थेट हॉस्पिटल.