‘प्रादेशिक भाषा’ कुठल्या प्रदेशाची? बेळगावातल्या सरकारी प्रसिद्धीची पार्श्वभूमी

बेळगावात सरकारी प्रसिद्धिपत्रकाचं मराठी नेमकं कुठे तयार होतं? वर्तमानपत्राच्या डेस्कवर. वार्ता खात्याकडून, म्हणजे सरकारच्या माहिती खात्याकडून, येते ती कन्नड ‘पत्रिका प्रकटणे’. पान सोडायच्या घाईत उपसंपादक तिची मराठी बातमी करतो. या कामाला ना पद आहे ना वेगळा पगार, पण सीमाभागातल्या मराठी वाचकापर्यंत सरकार पोचतं ते बरंचसं याच वाटेने. मराठीतून परिपत्रकं द्या, ही मागणी मोर्चा आणि निवेदनांच्या बातम्यांत दिसते. तिच्यामागचा कागदांचा प्रवास मात्र कोणी फारसा उलगडत नाही.

मुंबई राज्यात मराठी, गुजराती आणि कन्नड अशा तिन्ही भाषांचे जिल्हे होते, त्यामुळे एका सरकारने अनेक भाषांत बोलणं हा तिथे नित्याचा भाग होता. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा कोल्हापूरकडे राहिला. १९६३ च्या कायद्याने कन्नड राजभाषा झाली आणि कचेरीतले शब्दही फिरले. ‘इलाखा’ म्हटलं की आमच्या आजोबांच्या डोळ्यांपुढे अख्खा मुंबई इलाखा उभा राहायचा. कन्नडमध्ये ‘इलाखे’ म्हणजे नुसतं खातं.

अशा जुळ्या शब्दांनी डेस्कवर भल्याभल्यांना फसवलं आहे. कन्नड पत्रकाचा ठरलेला मथळा असतो ‘अर्जि आह्वान’, म्हणजे अर्ज मागवले आहेत. मी नवखा असताना त्याचं ‘अर्जाचे आव्हान’ करून मोकळा झालो होतो. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एकाने विचारलं, “काय हो, अर्ज भरायला आता कुस्ती खेळायची काय?” कन्नडमधला ‘अनुमान’ म्हणजे शंका, आपला ‘अनुमान’ म्हणजे अंदाज. पोलिसांच्या पत्रकात हा घोळ झाला तर हसण्यावारी नेता येत नाही.

आता मुख्य गुंता. राज्य पुनर्रचनेच्या तोंडावर, ४ सप्टेंबर १९५६ ला, केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाबद्दल एक निवेदन काढलं. ज्या भागात अल्पसंख्याक भाषिक १५ ते २० टक्के असतील, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करणं उपयुक्त ठरेल, असा त्याचा आशय. १९६१ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेने यालाच दुजोरा दिला आणि ‘भाग’ म्हणजे जिल्हा किंवा नगरपालिका, तहसील यांसारखा लहान टापूही धरला. टक्केवारीवरून वाद घालायला इथे फारशी जागा नाही. खानापूर तालुका आणि बेळगाव शहर सोडाच, २०११ च्या जनगणनेत अख्ख्या जिल्ह्यातही मराठीचा वाटा १५ टक्क्यांच्या वर आहे.

मग अडतं कुठे? एक तर ‘महत्त्वाच्या’ या शब्दावर. काय महत्त्वाचं ते ठरवणार कचेरीच. दुसरं म्हणजे हे सगळं संमतीने ठरलेलं धोरण, मोडलं म्हणून दंड होईल असा कायदा नव्हे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी राज्यघटनेच्या ३५०-ब कलमाखाली अधिकारी नेमलेला असतो. तो अहवाल देतो, अहवाल संसदेसमोर जातो, पण अंमल राज्याच्याच हाती राहतो.

खरी मेख कायद्यातल्या एका साध्या शब्दात आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार प्राथमिक अधिसूचना त्या परिसरात खपणाऱ्या दोन दैनिकांत द्यावी लागते, त्यांतलं एक ‘प्रादेशिक भाषेतलं’ हवं. ग्रामपंचायतीत ती ‘स्थानिक भाषेत’ लावायची. जुन्या, १८९४ च्या कायद्यातही नंतरच्या दुरुस्तीने दोन दैनिकांची अट आली होती. बेंगळुरूहून पाहिलं तर प्रादेशिक भाषा कन्नड, विषय संपला. येळ्ळूर किंवा मच्छेच्या बांधावर उभं राहिलं तर परिसरात खपतो तो पेपर मराठी. या परिसरात बायपास, रिंगरोडसारखी कामं निघतात तेव्हा हा वाद निव्वळ अस्मितेचा राहत नाही, कारण हरकतीची मुदत अधिसूचनेच्या प्रसिद्धीपासून मोजतात. भूसंपादन कायद्यात पूर्वी ३० दिवस होते, २०१३ च्या कायद्याने ६० झाले. ज्याला नोटीस वाचता आली नाही त्याचेही दिवस सरतातच. मराठी दैनिकात नोटिशीची जाहिरात येते तेव्हा ती उपकार म्हणून आली की हक्क म्हणून, याचं उत्तर कुठल्याच फाइलीत सरळ लिहिलेलं सापडत नाही. माझ्या मते ‘प्रादेशिक’ची व्याख्या न करण्यात सगळ्यांचीच सोय आहे, जमीन जाणाऱ्याची सोडून.

मधल्या काळात प्रसिद्धीच राजकारणाचं हत्यार झाली. १९८६ चं कन्नड सक्तीविरोधी आंदोलन, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेला महाराष्ट्राचा दावा, २००६ मध्ये बेळगावात भरलेलं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, २०१२ चं सुवर्ण विधानसौध म्हणजे इथली विधिमंडळाची इमारत, २०१४ ला ‘बेळगावी’ झालेलं नाव, या प्रत्येक टप्प्यावर फलक, पुस्तिका आणि पानभर जाहिराती वाढल्या. पलीकडून, महाराष्ट्रातूनही कमी झालं नाही. जानेवारी २०२१ मध्ये मुंबईत सीमाप्रश्नावर सरकारी पुस्तकाचं प्रकाशन झालं. २०२३ मध्ये सीमाभागातल्या, महाराष्ट्र दावा सांगतो त्या ८६५ गावांना महाराष्ट्राची आरोग्य योजना लागू झाल्याची घोषणा झाली, तर तिची माहिती कर्नाटकाच्या हद्दीत सांगायची कोणी, यावरूनच तणाव. २०२४ मध्ये पाट्यांवर ६० टक्के कन्नडची सक्ती आली आणि दुकानदारांचे बोर्ड रंगवणाऱ्यांना महिनाभर उसंत नव्हती.

पत्रक येण्याची तऱ्हा तेवढी बदलली. आधी शिपाई सायक्लोस्टाइलचा कागद आणून द्यायचा, मग फॅक्स, मग ईमेल. ‘नुडी’ या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली फाइल आमच्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांची भेळ दिसायची, मग फोन करून मजकूर वाचून घ्यायचा. आता व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो पडतो, आणि नवीन मुलं तो भाषांतराच्या अॅपला दाखवतात.

मागच्या पावसाळ्यात खानापूरकडच्या एका ग्रामपंचायतीत गेलो होतो. बोर्डावर शिक्का-सहीची कन्नड नोटीस, आणि तिच्याखाली कोणीतरी मराठी पेपरातलं कात्रण गोंदाने चिकटवलेलं. ओल लागून कात्रणाचा खालचा कोपरा सुटला होता. हरकतीची तारीख त्याच कोपऱ्यात होती.