चालतंय ना, मग हात कशाला लावता?

सर्व्हरच्या फर्मवेअरविषयी माहितीपत्रक : इंदूर, देवास आणि पिथमपूरच्या आमच्या ग्राहकांसाठी

वरचा प्रश्न तुमचाच आहे. "फर्मवेअर अपडेट करायचंय, रात्री दोन तास सर्व्हर बंद लागेल," असं आम्ही फोनवर म्हटलं की पलीकडून तो हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. काही वेळा आम्हीही "खरंय, राहू द्या" म्हणून फोन ठेवतो. पण काही वेळा आम्ही हट्टाला पेटतो, आणि तेव्हा तुम्हाला वाटतं, ह्यांना बिल फाडायचंय. म्हणून एकदा सगळं कागदावर मांडतोय. एएमसीतल्या (वार्षिक देखभाल करारातल्या) सर्व्हरसाठी ह्या कामाचं वेगळं बिल नसतं, हेही इथेच सांगून टाकतो.

डब्याच्या आत कोण कोण असतं

सर्व्हर बाहेरून एक डबा दिसतो. आत मात्र बरीच छोटी यंत्रं असतात आणि प्रत्येकाला स्वतःचं डोकं असतं : मदरबोर्डवरचं बायोस, डिस्क सांभाळणारा रेड कंट्रोलर, नेटवर्क कार्ड, प्रत्येक हार्ड डिस्क किंवा एसएसडी, अगदी पॉवर सप्लायसुद्धा. विंडोज किंवा लिनक्स उठायच्या आधी ही मंडळी उठलेली असतात. त्यांच्या चिपमध्ये लिहून ठेवलेला प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. विंडोजचे अपडेट आपोआप येतात, तसं हेही होत असेल असा समज असतो. सर्व्हरवर सहसा तसं होत नाही. कोणी मुद्दाम बदलेपर्यंत खोकं उघडलं त्या दिवशीचंच फर्मवेअर चालू राहतं.

ह्या सगळ्यांवर एक मुकादम असतो. डेलच्या सर्व्हरमध्ये त्याचं नाव आयड्रॅक, एचपीईमध्ये आयलो, लेनोवोमध्ये एक्सक्लॅरिटी कंट्रोलर. सगळ्यांना मिळून बीएमसी म्हणतात. सर्व्हर बंद असला तरी पॉवर केबल लागलेली असेपर्यंत हा जागाच असतो. सर्व्हरच्या मागे त्याच्यासाठी वेगळं नेटवर्क पोर्ट असतं. आम्ही पहिल्यांदा जातो तिथे बहुतेक वेळा त्या पोर्टला कोळ्याची जाळी लागलेली असते, केबल नसते.

आम्ही हट्ट कधी धरतो

नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने एक सूचना काढली. त्यांच्या काही एसएएस (सर्व्हरमध्ये वापरतात त्या प्रकारच्या) एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की बंद पडणार होत्या. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. डिस्कही गेली, आतला डेटाही गेला, परत मिळणं नाही. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. लहान मोजणीची जागा इथेच संपते, म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्या कोणालाही हा आकडा पाहून घाम फुटेल. मार्च २०२० मध्ये अशीच दुसरी सूचना आली, ह्या वेळी आणखी काही एसएसडी आणि ४०,००० तास. दोन्ही वेळा उपाय एकच होता : घड्याळ तिथवर पोचण्याआधी डिस्कचं फर्मवेअर बदला.

"आमच्याकडे रेड आहे, एक डिस्क गेली तर काय होतं?" असं कोणी म्हणालं तर जरा थांबा. रेड म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडणं. रेडमधल्या डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून काढून लावलेल्या असतात. त्यांचे तासही एकत्रच भरतात. पहिली गेली की थोड्याच वेळात दुसरी. रेडचा सगळा हिशोब "एका वेळी एकच जाईल" ह्यावर बेतलेला असतो, आणि इथे तोच कोसळतो. अशा डिस्क असलेला सर्व्हर शेवटच्या दिवसापर्यंत अगदी "व्यवस्थित चालत" असतो.

दुसरी जागा म्हणजे मुकादमाच्या खोलीचं कुलूप. २०१७ साली आयलो ४ मध्ये अशी फट सापडली, की वेब विनंतीच्या एका ओळीत 'ए' हे अक्षर २९ वेळा लिहून पाठवलं की पासवर्ड न विचारता आत प्रवेश. आवृत्ती २.५३ मध्ये ती बुजवली गेली. आत शिरलेला माणूस सर्व्हर बंद-चालू करू शकतो, स्वतःच्या सीडीवरून बूट करू शकतो. तुमचा विंडोजचा पासवर्ड कितीही अवघड असला तरी उपयोग नाही. म्हणून बीएमसीचं पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवू नका. "घरून बघता यावं म्हणून" राउटरमध्ये केलेली सोय आम्हाला दिसली तर आम्ही ती आधी बंद करतो आणि मग तुम्हाला कळवतो.

आणि कधी धरत नाही

नवीन आलं म्हणून त्याच दिवशी घालायचं, ह्याच्या आम्ही विरुद्ध आहोत. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन ह्या प्रोसेसरमधल्या फटी जाहीर झाल्या आणि घाईघाईत नवे बायोस आले. ज्यांनी लगेच घातले त्यांच्यातल्या काहींचे सर्व्हर मध्येच आपोआप रीस्टार्ट होऊ लागले. २२ जानेवारीला खुद्द इंटेलनेच सांगितलं, बायोससोबत येणारं हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) सध्या घालू नका. तेव्हापासून आमचा रिवाज ठरला : सुरक्षेची तातडी नसेल तर तीन-चार आठवडे थांबायचं, आधी आमच्या ऑफिसातल्या जुन्या सर्व्हरवर घालून पाहायचं, मग तुमच्याकडे. बदलांच्या यादीत तुमच्या कामाचं काहीच नसेल तर ती आवृत्ती सोडूनही देतो.

करायचं कसं

रस्ते मुख्यतः चार आहेत. ब्रँड बदलला तरी बहुतेक तेच.

पहिला, चालू विंडोज किंवा लिनक्समधूनच. डेलच्या अपडेट पॅकेजची फाइल नेहमीच्या सेटअपसारखी चालवायची, एचपीईसाठी स्मार्ट अपडेट मॅनेजर. लिनक्समध्ये एफडब्ल्यूअपीडी नावाचं साधन आहे, पण त्यात सगळेच सर्व्हर आणि सगळीच कार्डं येतात असं नाही. फायदा असा की फाइल तपासून रांगेत लावेपर्यंत लोकांचं काम चालू राहतं. बायोस प्रत्यक्ष बदलतं ते पुढच्या रीस्टार्टला. तोटा हा, की विंडोजच आजारी असेल तर हा रस्ता बंद. आणि "नंतर रीस्टार्ट करा" दाबून विसरणारे पुष्कळ. अपडेट रांगेत पडून राहतं आणि वीज गेली की तिसऱ्याच दिवशी, भर दुपारी, स्वतःहून लागतं.

दुसरा, बीएमसीच्या वेबपानावरून. आमचा आवडता. ब्राउझरमध्ये आयड्रॅक किंवा आयलो उघडायचं, फाइल चढवायची, बस. विंडोज असो वा नसो. मुकादमाचं स्वतःचं फर्मवेअर बदलताना तो काही मिनिटं झोपी जातो, पण सर्व्हर चालूच राहतो, टॅलीवाल्यांना पत्ताही लागत नाही. बायोसला मात्र रीस्टार्ट चुकत नाही. एक ते तीन सर्व्हर असतील तर हाच रस्ता धरा.

तिसरा, पेनड्राइव्ह किंवा आयएसओवरून (सीडीची फाइलरूपातली प्रत) बूट करून. एचपीईच्या प्रोलायंट सर्व्हरसाठीचा सर्व्हिस पॅक फॉर प्रोलायंट असाच येतो. डेलमध्ये सुरू होताना एफ१० दाबून लाइफसायकल कंट्रोलरमध्ये जाता येतं. ह्यात सर्व्हर पूर्ण वेळ बंद. पण कित्येक वर्षं हातच न लावलेला सर्व्हर, किंवा अजून विंडोज न चढवलेला नवा सर्व्हर असेल तर हे सगळ्यात स्वच्छ काम : सगळे भाग एकदम, एकमेकांशी जुळणाऱ्या आवृत्त्यांवर येतात.

चौथा रस्ता पिथमपूरच्या मोठ्या कारखान्यांसाठी. दहा-वीस सर्व्हर असले की एका जागी बसून डेलच्या ओपनमॅनेज एंटरप्राइझसारख्या कन्सोलमधून, किंवा रेडफिश ह्या सर्व कंपन्यांनी मानलेल्या पद्धतीने स्क्रिप्ट लिहून. व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरमध्ये चालणारे आभासी सर्व्हर) शेजारच्या सर्व्हरवर हलवायची, रिकामा झालेला अपडेट करायचा, मग पुढचा. ग्राहकांना काही कळतही नाही. दोन सर्व्हरसाठी हा पसारा मांडण्यात अर्थ नाही.

कोणत्याही रस्त्याने गेलं तरी क्रम सहसा हाच : आधी बीएमसी, मग बायोस, मग कंट्रोलर, नेटवर्क कार्ड आणि डिस्क. फार जुन्या आवृत्तीवरून थेट नव्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही, मधली एखादी पायरी चढावी लागते. अशी व्हर्च्युअल मशीन चालवणारं व्हीएमवेअर वापरत असाल तर फर्मवेअर आणि ड्रायव्हर ह्यांची जोडी त्यांच्या यादीत बसते का, हे आधी पाहावं लागतं. ह्या पाहण्यातच आमचा अर्धा दिवस जातो. तुम्हाला दिसतात ते शेवटचे दोन तास.

फाइल फक्त कंपनीच्या साइटवरून. डेलच्या फाइली सर्व्हिस टॅग (सर्व्हरवर छापलेला ओळखक्रमांक) टाकून कोणालाही उतरवता येतात. एचपीईने (तेव्हाची एचपी) मात्र फेब्रुवारी २०१४ पासून प्रोलायंटच्या बायोससारख्या फाइलींना वॉरंटी किंवा सपोर्ट कराराची अट घातली आहे. करार संपलाय म्हणून कोणी ओळखीचा माणूस टेलिग्रामवरून फाइल देत असेल तर नको म्हणा.

त्या रात्री

एका ग्राहकाकडे आमचा माणूस बायोस लावून खाली चहाला गेला. वर अकाउंटंट बसले होते, बिचारे आमच्यासाठीच थांबलेले. स्क्रीन काळी झाली, पंखे एकदम पिठाच्या गिरणीसारखे घोंघावू लागले. पाच मिनिटं झाली, सात झाली. त्यांना वाटलं, मशीन जळतंय. त्यांनी पॉवरचं बटण दाबून धरलं. बायोस अर्धवट लिहिलं गेलं, मदरबोर्ड बदलावा लागला, दोन दिवस बिलं हाताने फाडली गेली. चूक आमची. तिथे माणूस बसलेला असायला हवा होता, आणि काय दिसणार आहे ते त्यांना आधी सांगायला हवं होतं.

म्हणून आता सांगतो. पंखे पूर्ण वेगाने फिरतील, कारण त्यांचा वेग सांभाळणारा मुकादमच झोपलेला असतो. स्क्रीन दहा-पंधरा मिनिटं काळी राहू शकते. सर्व्हर स्वतःहून दोन-तीनदा रीस्टार्ट होईल. हे सगळं ठीक आहे. आमचा माणूस बटणावर चिकटपट्टी लावून त्यावर "मत छूना, काम चालू है" लिहितो. हिंदीत, कारण रात्री तिथे चौकीदार असतो. आणि आता तो चहा खाली जाऊन पीत नाही. काम संपल्यावर सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खातो, तो त्याचा हक्क आहे.

अडलंच तर माघारीची सोय बहुतेकदा असते. डेल मागची आवृत्ती जपून ठेवतं. एचपीईच्या बऱ्याच सर्व्हरमध्ये बायोसची दुसरी प्रत असते. पण सुरक्षेच्या काही आवृत्त्या एकदा चढल्या की खाली उतरू देत नाहीत. तेव्हा माघारीच्या भरवशावर आम्ही काम सुरू करत नाही.

येण्याआधी तुमच्याकडून काय लागेल

बॅकअप. "घेतलाय" एवढं पुरत नाही. आमच्यासमोर त्यातली एक फाइल परत काढून दाखवा. यूपीएसची बॅटरी कधी बदलली ते बघा. मे-जूनमध्ये वावटळ सुटली की वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि पाच मिनिटांत मान टाकणाऱ्या यूपीएसवर आम्ही बायोसला हात लावत नाही. दोन पॉवर सप्लाय असतील तर दोन्ही जोडलेले हवेत.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशी हवी. आम्ही तो आधी तात्पुरता थांबवतोच, पण राहून गेलं तर बायोस बदलल्यावर विंडोज ४८ आकडी की मागतं. ती कोणाच्या तरी ईमेलमध्ये असते, तो माणूस नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो, आणि रात्रीचे साडेबारा झालेले असतात.

खंडेनवमीला सर्व्हरला हळदकुंकू लावता, झेंडू वाहता, आम्हाला आवडतं. फक्त फूल पुढच्या जाळीवर नको, वर ठेवा. पाकळ्या आत ओढल्या जातात.

तारीख

जीएसटीच्या ११ आणि २० तारखांच्या आगेमागे आम्ही काम धरत नाही, मार्चचा शेवटचा आठवडा तर नाहीच. शनिवारची रात्र सगळ्यांना हवी असते, त्यामुळे दोन आठवडे आधी सांगा. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची (चित्ररथांच्या मिरवणुकीची) रात्र शहराबाहेरच्या ग्राहकांना सोयीची पडते.

रंगपंचमी फक्त राजवाड्याच्या आसपासच्या दुकानांसाठी राखून ठेवलेली असते, कारण त्या दिवशी शटर बंदच असतं. आमचा माणूस सकाळी सातला येईल. एकदा गेर (रंग उधळणारी मिरवणूक) सुरू झाली की त्याला बाहेर पडता येत नाही, तेव्हा काम दहाला संपलं तरी दुपारपर्यंत तो तुमच्याच दुकानात असेल. किल्ली देणाऱ्याला तेवढं सांगून ठेवा, आणि शक्य झालं तर त्याच्यासाठी जुना शर्ट.