युद्धातली जखम लष्करी नोंदीत नाही? अर्ज कसा करायचा आणि तो नेमका कुठे अडतो

जखमेची नोंद दुरुस्त करून द्या असा अर्ज केल्यावर रेकॉर्ड ऑफिसकडून, म्हणजे रेजिमेंटच्या सेवेचे कागद सांभाळणाऱ्या कार्यालयाकडून, जे उत्तर येतं, त्यात बहुतेक वेळा एकच ओळ असते: आपल्या सेवेच्या कागदपत्रांत अशी नोंद आढळत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, आपल्याला खोटं ठरवलं. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस ते पत्र घडी घालून ठेवून देतो आणि पुन्हा विषय काढत नाही. कृपा करून तसं करू नका. ऑफिसला हवा असतो तो जखम कोणत्या प्रसंगात झाली याचा त्या वेळचा कागद. आपण मात्र अर्जाला आजचे एक्स-रे, व्रणाचे फोटो आणि गावच्या सरपंचांचा दाखला जोडतो. यातून जखम आहे एवढं कळतं. ती शत्रूच्या गोळीनं झाली की बॅरेकच्या पायरीवरून पडून, हे कळत नाही, आणि अर्ज तिथेच पडतो.

शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीपासून गडहिंग्लज, आजरा, चंदगडपर्यंत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात फौजेत गेलेली माणसं घरोघरी आहेत. १९६५ आणि १९७१ ची लढाई, श्रीलंकेतलं ऑपरेशन पवन, सियाचीन, कारगिल, काश्मीरमधल्या कारवाया, या सगळ्यांत जखमी झालेले लोक इथे आहेत. त्यातल्या अनेकांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेल्या सेवापुस्तिकेत, जखमेचा शब्दही नाही.

मागायचं काय, ते आधी ठरवा

एकाच अर्जात सगळं मागितलं की काहीच मिळत नाही. तीन मागण्या वेगळ्या आहेत. पहिली, ‘बॅटल कॅज्युअल्टी’ (लढाईत जखमी) म्हणून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैनिकाच्या नोंदीत बदल करणारा पलटणीचा लेखी आदेश, निघाली नसेल किंवा चुकीची निघाली असेल तर ती दुरुस्त करून घेणं. दुसरी, साधी डिसेबिलिटी पेन्शन मिळत असेल तर ती वॉर इन्जुरी पेन्शनमध्ये बदलून घेणं. तिसरी, पराक्रम पदक, म्हणजे पूर्वीचं ‘वून्ड मेडल’.

पहिली मागणी पाया आहे. ती झाल्याशिवाय बाकीच्या दोन पुढे सरकत नाहीत. तरीही लोक थेट पेन्शनचा अर्ज करतात, कारण पैसा तिथे दिसतो. फरक मोठा आहे हे खरंच. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्राप्रमाणे शंभर टक्के अपंगत्वाला साधा डिसेबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, शेवटच्या पगाराच्या ३० टक्के बसतो. युद्धातल्या जखमेमुळे सेवेतून कमी केलेल्या सैनिकाला वॉर इन्जुरी एलिमेंट पूर्ण पगाराइतका, आणि जखमेनंतरही सेवा पुरी करून निवृत्त झालेल्याला ६० टक्के. अपंगत्व कमी असेल तर त्या प्रमाणात.

याच पत्रात अपंगत्वाच्या कारणांचे ए ते ई असे पाच गट केलेत. वॉर इन्जुरी पेन्शन ‘ई’ गटाला मिळते. या गटात शत्रूच्या कारवाईतली जखम तर आहेच, शिवाय सीमेवरच्या चकमकी, अतिरेक्यांविरुद्धची कारवाई, परदेशात शांतिसेनेत असताना झालेली कारवाई आणि सुरुंग पेरताना किंवा काढताना झालेला स्फोटही आहे. हा शेवटचा मुद्दा नीट वाचा. २००१-०२ मध्ये ऑपरेशन पराक्रमच्या, म्हणजे पाकिस्तान सीमेवरच्या मोठ्या लष्करी जमवाजमवीच्या, वेळी सीमेवर सुरुंग पेरताना जखमी झालेले जवान ‘समोर शत्रू नव्हता, मग आमची कसली युद्धाची जखम’ म्हणून अर्जच करत नाहीत. पेन्शनसाठी तो प्रसंग ई गटात येतो. पराक्रम पदकासाठी मात्र शत्रूच्या थेट कारवाईत झालेली जखम लागते, म्हणून दोन्ही मागण्या एका कागदावर घालू नका.

अर्ज कुठे

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून, त्यांच्या पत्रासह, तुमच्या रेकॉर्ड ऑफिसला. कल्याण कार्यालय स्वतः नोंद बदलू शकत नाही, त्यामुळे तिथल्या क्लार्कशी भांडून काही होणार नाही.

कोल्हापुरात सगळे मराठा लाइट इन्फंट्रीचेच, असं गृहीत धरून बेळगावला अर्ज पाठवले जातात. मराठा रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावात आहे हे बरोबर, पण महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नल्सचं जबलपूरला आणि ईएमईचं, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती शाखेचं, सिकंदराबादला आहे. निवृत्तीनंतर डीएससीत, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, पुन्हा भरती झालेल्यांची गल्लत तर ठरलेली. त्यांच्या हातात डीएससीचं शेवटचं डिस्चार्ज बुक असतं, म्हणून अर्ज कन्नूरला जातो. जखम पहिल्या सेवेतली असेल तर कागद पहिल्या रेजिमेंटकडे. अर्जावर पहिला सेवा क्रमांक लिहा.

अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा, म्हणजे उत्तर लवकर येतं. सोबत डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), माजी सैनिक ओळखपत्र आणि आधार यांच्या प्रती जोडा. नावाचं स्पेलिंग चारही ठिकाणी एकच आहे ना, हे आधी बघा. वेगळं असेल तर जखमेचा अर्ज बाजूला ठेवून आधी नाव दुरुस्त करून घ्या.

जो कागद कुणाकडेच नसतो

आता खरी अडचण. नोंद का नसते, हे समजलं तर कागद कुठे शोधायचा तेही समजतं. लढाईत जखमी झालेला जवान आधी फील्ड अॅम्ब्युलन्सकडे, म्हणजे आघाडीजवळच्या लष्करी वैद्यकीय पथकाकडे, जातो, तिथून मागच्या हॉस्पिटलात, तिथून पुण्याला कमांड हॉस्पिटलला. पाय गेला असेल तर पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात. तोपर्यंत पलटण पुढे सरकलेली असते. प्रसंगाची हकिगत लिहायची कंपनी कमांडरनं, तो कदाचित स्वतःच पडलेला. मग क्लार्क तारीख टाकून फक्त ‘हॉस्पिटलात दाखल’ एवढी ऑर्डर काढतो, आणि पुढची तीस-चाळीस वर्षं तेवढंच शिल्लक राहतं. यात जवानाची काय चूक? तरी पुरावा आणायचा तो त्यानंच, हा सरकारी न्याय मला आजही पटत नाही.

पण ती ‘हॉस्पिटलात दाखल’ची ओळ सोनं आहे. तारीख, हॉस्पिटलचं नाव आणि त्या दिवशी पलटण कुठे होती, हे तिन्ही जुळलं की प्रसंग उभा राहतो. म्हणून दुरुस्तीचा अर्ज करण्याआधी माहिती अधिकारात कागद मागवा. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावायची, उत्तराला ३० दिवसांची मुदत. ‘माझ्या सेवेची सर्व माहिती द्या’ असं लिहू नका, तसं लिहिलं की मोघम उत्तर येतं. नावानिशी मागा: शीट रोलची, म्हणजे तुमच्या सेवेच्या नोंदपत्रकाची, पूर्ण प्रत, संबंधित वर्षाच्या पार्ट टू ऑर्डर, आयएएफवाय-२००६ हा इन्जुरी रिपोर्ट, एएफएमएसएफ-१५ आणि एएफएमएसएफ-१६ हे मेडिकल बोर्डाचे कागद. वैद्यकीय कागद दुसऱ्याला देत नाहीत, म्हणून सही तुमची आणि ओळखपत्राची प्रतही तुमचीच हवी. मुलाच्या नावानं केलेले अर्ज याच कारणानं परत येतात.

कागद आले की मेडिकल कॅटेगरी बघा. जुन्या काळात ए, बी, सी असं न लिहिता ‘एवायई’, ‘बीईई’, ‘सीईई’ अशी नोंद असायची. लढाईनंतरच्या महिन्यांत कॅटेगरी खाली आली असेल तर त्यामागे मेडिकल बोर्ड झालेला असतो, आणि बोर्डाच्या कागदावर कारणाचा रकाना असतो.

घरातली ट्रंकही उघडा, मनापासून सांगतो. आजरा तालुक्यातल्या एका निवृत्त हवालदारांच्या ट्रंकेत, पदकांच्या डबीखाली, चार घड्या घातलेला दवाखान्याचा कागद निघाला. घड्यांवर फाटलेला, त्यावर जांभळ्या पेन्सिलीनं ‘जीएसडब्ल्यू लेफ्ट थाय’ आणि तारीख. जीएसडब्ल्यू म्हणजे गोळीची जखम. घरात कुणाला ते वाचता येत नव्हतं, तरी इतकी वर्षं तो रद्दीत गेला नाही हेच नशीब. असा कागद सापडला तर लॅमिनेट करू नका. दोन्ही बाजूंच्या रंगीत प्रती काढा आणि मूळ कागद कुणालाही पोस्टानं पाठवू नका.

‘रेकॉर्ड नष्ट झालं’ असं उत्तर आलं तर

पेन्शन नसलेल्या सैनिकांची कागदपत्रं २५ वर्षांनंतर नष्ट करण्याचा नियम आहे. जवानाला सेवा पेन्शनसाठी १५ वर्षांची सेवा लागते. १९७१ नंतर त्याआधीच घरी आलेल्यांना याचा फटका सगळ्यात जास्त बसतो. अशा वेळी लाँग रोलची, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसच्या कायमच्या नोंदवहीतली, नोंद मागा, तो राहिलेला असतो. त्यात तपशील फार नसतो, पण भरतीची, सुटण्याची तारीख आणि सुटण्याचं कारण कळतं. सुटण्याचं कारण वैद्यकीय असेल तर अर्जाला धार येते.

पुढचा रस्ता पलटणीच्या वॉर डायरीचा, म्हणजे लढाईत रोज लिहिल्या जाणाऱ्या नोंदींचा. जुने लष्करी दस्तऐवज साधारण २५ वर्षांनी खुले करण्याचं धोरण संरक्षण मंत्रालयानं २०२१ मध्ये जाहीर केलं, त्याचा आधार घेऊन मागणी करता येते. मात्र त्यासाठी तुमचा तपशील नेमका हवा. ‘१९७१ च्या लढाईत पूर्वेकडे जखमी झालो’ यावर कुणीही काही शोधू शकत नाही. १ मराठा, म्हणजे जंगी पलटणीतले असाल, तर जमालपूरचा वेढा, १० डिसेंबर १९७१ ची रात्र, तुमची कंपनी, तुमचा प्लाटून कमांडर आणि तुम्हाला उचलून मागे कुणी आणलं, एवढं लिहा. आठवत नसेल तर सोबत्यांना विचारा. अंदाजानं तारीख टाकू नका, कारण त्या तारखेला पलटण दुसरीकडे निघाली तर खरा अर्जही संशयात येतो.

सोबत्याचं प्रतिज्ञापत्र चालतं, पण एकट्या त्याच्या जोरावर नोंद बदलत नाही. त्यानं स्वतः काय पाहिलं ते लिहावं. ‘हे शूर सैनिक असून यांना जखम झाली होती’ हे वाक्य टाइप करून पाच जणांच्या सह्या घेतलेले कागद मी पाहिलेत, त्यांचा काडीचा उपयोग होत नाही. त्या दिवशी तो कोणत्या हुद्द्यावर होता, किती अंतरावर होता, जखम शरीराच्या कोणत्या बाजूला झाली, हे त्यानं सांगितलं आणि ते दवाखान्याच्या कागदाशी जुळलं, तरच वजन पडतं. सोबतीसुद्धा आता ऐंशीला टेकलेत. या एका कामाला उशीर करू नका.

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातला किंवा ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेमार्फत काढलेला आजचा एक्स-रे जोडायला हरकत नाही. शरीरात छर्रा अजून असेल तर जखम स्फोटाची की गोळीची, यावर डॉक्टर मत देऊ शकतात. तेवढीच त्याची मर्यादा.

मुदती चुकीच्या वाचल्या जातात

‘सहा महिन्यांत अपील करावे’ हे वाचून कित्येक जण म्हणतात, लढाईला तर पन्नास वर्षं झाली, आता काय! ती मुदत नकाराच्या पत्रापासून मोजायची असते. पत्र गावी उशिरा पोचतं, म्हणून सुरक्षित राहायचं तर पत्रावरच्या तारखेपासूनच मोजा आणि पाकीट शिक्क्यासकट जपा. पेन्शनच्या नकारावर पहिलं अपील आणि तिथेही नकार आला तर दुसरं अपील, असे दोन टप्पे आहेत. पहिला वगळून पुढे जाता येत नाही.

त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण, ज्याला लोक एएफटी म्हणतात. आपल्यासाठी त्याचं खंडपीठ मुंबईला आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं तेव्हापासून ‘आता इथेच दावा लावू’ असं पुष्कळ जण म्हणतात. सेवेचा आणि पेन्शनचा दावा आधी एएफटीतच करायचा असतो.

एएफटीत जायला शेवटच्या आदेशापासून सहा महिने. आणि हे कुणी सांगत नाही: तुमच्या अर्जाला सहा महिने उत्तरच आलं नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून पुढची सहा महिन्यांची मुदत सुरू होते. साहेब लोक उत्तर देतील म्हणून वाट बघत बसलेल्याची मुदत अशी गुपचूप निघून जाते. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, पण कारण पटवून द्यावं लागतं. म्हणून प्रत्येक अर्जाची पोच घ्या, स्पीड पोस्टाची पावती त्याच अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा.

थकबाकीबद्दल खोटी आशा नको. पेन्शनचं नुकसान दर महिन्याला होत राहतं म्हणून उशिराच्या दाव्यानं हक्क बुडत नाही, पण थकबाकी सहसा दाव्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात हे स्पष्ट केलंय. ‘पन्नास वर्षांचे पैसे एकरकमी काढून देतो, तीस टक्के आमचे’ असं सांगत घरी येणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. डिस्चार्ज बुक किंवा ‘स्पर्श’ या पेन्शनच्या सरकारी पोर्टलचा पासवर्ड त्याच्या हातात देऊ नका.

सैनिक हयात नसेल तर पत्नी किंवा वारस हा पाठपुरावा करू शकतात. त्यांनी आधी पीपीओवर पत्नीचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का ते तपासावं, मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद जोडावेत. मृत्यू त्याच जखमेमुळे झाला असेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहावं आणि उपचाराचे सगळे कागद लावावेत, कारण मग कौटुंबिक पेन्शनचा दरही वेगळा ठरतो.