मन सावरलं, पण डोकं चालत नाही: बी-१२ चा आकडा कसा वाचावा

नैराश्य किंवा बायपोलर आजारात (म्हणजे मन कधी खूप उत्तेजित, कधी खचलेलं) मन सावरल्यावरही अनेकांची एक तक्रार उरते: वाचलेलं लक्षात राहत नाही, शब्द वेळेवर आठवत नाहीत. आजारानेही असं होतं आणि बी-१२ जीवनसत्त्व कमी असलं तरीही. म्हणून रक्त तपासावं, पण बी-१२ च्या गोळ्या सुरू करण्याआधी. औषध पोटात गेलं की आकडा चढतो आणि मूळची कमतरता झाकली जाते.

मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली गेलं की साधारणपणे कमतरता धरतात. २०० ते ३०० मध्ये घोळ असतो. नेहमीची चाचणी एकूण बी-१२ मोजते. पेशींना वापरता येतो तो त्यातला लहानसा हिस्सा. अशा वेळी रक्तातलं मिथाइलमॅलोनिक आम्ल मोजावं. ते वाढलेलं असेल तर पेशींना बी-१२ पुरत नाही. मूत्रपिंड कमजोर असलं तरी ते वाढतं, म्हणून सोबत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची तपासणी, हवीच.

औषधांची यादी तर हमखास पाहावी. मनोविकाराच्या काही औषधांनी वजन वाढतं, मग मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध दिलं जातं, आणि ते वर्षानुवर्षं घेतल्यास बी-१२ घटतं. आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तरी हेच होतं. मन स्थिर ठेवणाऱ्या कार्बामाझेपिन या औषधामुळे फोलेट (हेही एक बी जीवनसत्त्व) आणि ड जीवनसत्त्व उतरतं.

फोलेट कमी दिसलं म्हणून नुसतं फॉलिक आम्ल, म्हणजे गोळीतलं फोलेट, सुरू करणं धोक्याचं आहे. बी-१२ ही कमी असेल तर रक्तक्षय सुधारतो, रिपोर्ट बरा दिसतो आणि मज्जातंतूंची हानी चालूच राहते. बायपोलरमधल्या नैराश्यावर लॅमोट्रिजिन हे औषध घेणाऱ्यांनी तर आणखी जपायला हवं: २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यांना सोबत फॉलिक आम्ल दिलं होतं त्यांच्यात लॅमोट्रिजिनचा फायदा दिसला नाही. एका चाचणीवरून निर्णय होत नाही, पण डॉक्टरांना न विचारता ते घेऊ नये, एवढं नक्की.

ड जीवनसत्त्वाचा गाजावाजा जास्त झाला आहे. पन्नाशीपुढच्या १८,३५३ लोकांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात रोज २,००० युनिट घेऊनही नैराश्य टळलं नाही. खरी कमतरता असेल तर हाडांसाठी ते भरून काढावंच. मात्र बायपोलरसाठी लिथियम घेणाऱ्यांनी ड जीवनसत्त्वाचे मोठे डोस घेण्याआधी रक्तातलं कॅल्शियम तपासावं. अशा डोसने कॅल्शियम वाढू शकतं, तसं लिथियमनेही, आणि वाढलेल्या कॅल्शियमने मन आणखी खचतं, गोंधळतं.

बी-१२ भरून काढल्यावर रक्त काही आठवड्यांत सुधारतं. स्मरण आणि एकाग्रतेला महिने लागतात, आणि कमतरता वर्षानुवर्षं राहिली असेल तर गेलेलं सगळं परत येईलच असं नाही.